धोंड्यात दिलेलं पेज

समजा, तुम्हाला एका बाईच्या धंद्याचं पेज काढून द्यायचं आहे. काम वीस मिनिटांचं. मोबाईल तिचा, फोटो तिच्या रोटीचा. नाव टाका, धंद्याचा प्रकार निवडा, पत्ता टाका, फोन नंबर टाका. वर मोठा आडवा फोटो, त्याच्या कोपऱ्यात छोटा गोल. वेळ लिहा: सकाळी सातपासून अंधार पडेपर्यंत. मग मोबाईल विचारतो, हे पेज सांभाळायला आणखी कोणाला सोबत घ्यायचं आहे का?

इथे बोट थांबवा. पुढच्या चौकटीत तुम्ही ज्याचं नाव टाकून पूर्ण ताबा द्याल, त्याला त्या बाईइतकाच अधिकार मिळेल. तो पेजचं नाव बदलू शकेल, फोटो बदलू शकेल, फोन नंबर बदलू शकेल. त्याच्या मनात आलं तर त्या बाईलाच तिच्या पेजवरून काढून टाकू शकेल, आणि त्यासाठी तिला विचारावं लागणार नाही. आता सांगा, कोणाचं नाव टाकाल?

नाचणगावच्या विमलाबाईंनी जावयाचं टाकलं.

विमलाबाई मूळच्या आंजीच्या, मोठ्या आंजीच्या. लग्न होऊन नाचणगावात आल्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या आणि माहेराहून त्यांनी काही आणलं असेल तर लांब रोटीचा हात. लोकवन गव्हाचं पीठ कपड्यातून चाळायचं, मिठाच्या पाण्यात सैल भिजवायचं आणि परातीत आपटत, ओढत इतकं मळायचं की ते पीठ न राहता ओल्या कापडासारखं वागू लागतं. मग गोळा तळव्यावर घ्यायचा, या हातावरून त्या हातावर टाकत वाढवायचा. तो मनगट ओलांडून कोपरापर्यंत लोंबला की चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या माठावर अलगद पसरायचा. लाटणं नाही, पोळपाट नाही. विमलाबाईंच्या रोटीतून पलीकडचा माणूस ओळखू येतो असं नाचणगावात म्हणतात. ते अर्धं तरी खरं आहे.

तीस वर्षं त्यांनी लग्नांत, बारशांत, तेरव्यांत रोट्या केल्या. पंगती उठल्या की आचाऱ्याला टोपी-दुपट्टा मिळायचा, मंडपवाल्याला नारळ मिळायचा. रोटीवाल्या बाया तेव्हा मागच्या अंगणात चुली विझवत असायच्या. कामाच्या यादीत त्यांची नोंद असायची ती अशी: ‘नत्थूजीची बाई अधिक दोन’. आणि नत्थूजी, म्हणजे विमलाबाईंचे यजमान, यांना रोटी करणं सोडाच, गरम रोटीची नीट घडी घालता येत नाही. भला माणूस आहे. शेतात राबतो, घरात आवाज चढवत नाही. पण तीस वर्षं बायकोच्या हाताची रोटी आपल्या नावानं जेवली जाते, हे त्याला कधी खटकलंही नाही.

पेज काढलं ते अपेक्षानं. अपेक्षा त्यांच्या गल्लीतलीच. कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली, पुलगावच्या बाजारात एका ऑनलाइन सेंटरवर बसते. दिवसभर लोकांचे फॉर्म भरते आणि उरलेल्या वेळात दुकानदारांना पेज काढून देते. सलूनवाला, मोटर रिवाइंडिंगवाला, मसाले कांडणारी बाई, असे तिचे बरेच गिऱ्हाईक. ती विमलाबाईंच्या चुलीशी येऊन बसली आणि पहिलाच प्रश्न विचारला, पेजचं नाव काय टाकू?

विमलाबाईंनी सवयीनं सांगितलं, नत्थूजीच्या घरची लांब रोटी.

अपेक्षानं मोबाईल खाली ठेवला आणि म्हणाली, “काकू, काका करतेत का रोट्या?”

विमलाबाई हसल्या.  चुलीतलं लाकूड मागे ओढलं, पुन्हा पुढे सारलं. मग म्हणाल्या, टाक, विमलाबाईची टाक. असं ते नाव पडलं. ‘विमलाबाईची लांब रोटी, नाचणगाव’. सातबारा नत्थूजींच्या नावावर, लाईटचं बिल नत्थूजींच्या नावावर, मोबाईलचं सिमसुद्धा त्यांच्याच आधारवर. विमलाबाईंच्या नावावर घरात फक्त गॅसचं कार्ड होतं, आणि धंदा लाकडाच्या चुलीवरचा. त्या पेजवर त्यांनी आपलं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत पहिल्यांदा पाहिलं.

पहिले चार महिने फारसं काही झालं नाही. शे-सव्वाशे लोक जुळले, त्यातले निम्मे नात्यातले. मग एका साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, दिवशी अपेक्षानं चुलीच्या बाजूला बसून रोटी हातावर वाढतानाचा पाऊण मिनिटाचा व्हिडिओ काढला. गाणं लावलं नाही, फक्त पीठ हातावर आपटल्याचा आवाज ठेवला. तो व्हिडिओ पंधरा दिवसांत लाखो लोकांनी पाहिला. कारंज्याचा माणूस विचारू लागला, यवतमाळची बाई विचारू लागली. नागपूरच्या एका पार्टीनं गाडी पाठवली. विमलाबाईंनी अंगणात टिनाचं शेड टाकलं, तीन चुली मांडल्या, जुनी जोडीदारीण नलू हिला रोजच्या कामावर घेतलं.

आणि त्या पेज चालवायला शिकल्या, हे महत्त्वाचं. सुरुवातीला त्या बोलायच्या, अपेक्षा लिहायची. नंतर स्वतः लिहू लागल्या, एका बोटानं, पिठाचा हात पदराला पुसून. कुठल्या वेळी व्हिडिओ टाकला तर जास्त लोक बघतात हे त्यांना अपेक्षाच्या आधी कळलं. जेवणाच्या आधी टाकजो, त्या म्हणत, भरल्या पोटी रोटी कोनी पाहत नाई. कोणी खाली वाकडंतिकडं लिहिलं तर त्या सोडत नसत. नागपूरच्या एकानं लिहिलं, मावशी, हातमोजे घालत जा, हायजीन पाहा. विमलाबाईंनी उत्तर दिलं: “बापू, मोज्याले पीठ चिकटते. मंग तुमी रोटीसंगं मोजे खासान का?” त्या उत्तरालाच नऊशे लोकांनी पसंती दिली.

मग अधिक श्रावण आला. आपल्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. दर तीन वर्षांनी येतो, आणि त्या महिन्यात जावयाला बोलावून पाटावर बसवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारशांचं ताट वर दिवा ठेवून द्यायचं, ही रीत. एकुलती एक मुलगी वर्षाली हिचं लग्न वडनेरच्या मुकेशशी झालेलं. मुकेशचं तिथं खता-बियाण्यांचं छोटं दुकान. माणूस गोड बोलणारा, स्वच्छ राहणारा, सासूला ‘मामीजी’ म्हणताना किंचित वाकणारा. लग्नानंतरचा हा त्याचा पहिला धोंडा. शर्टपँटचं कापड झालं, चांदीचा दिवा झाला, अनारसे झाले. ताट हातात घेऊन मुकेश हसत म्हणाला, सगळी दुनिया तुमच्या पेजवर येऊन राह्यली मामीजी, आमालेच तेवढी जागा नाई.

गंमतच होती ती. पण पाटावर बसलेल्या जावयानं गमतीत काही मागितलं तरी ते मागणं असतं. विमलाबाईंनी अपेक्षाला हाक मारली आणि जवाईबापूंना पेजवर घे म्हणून सांगितलं.

अपेक्षाला माहीत होतं. हे लिहून ठेवलंच पाहिजे की तिला माहीत होतं. पेजवर माणूस घेताना दोन वाटा असतात. एकीत तो पोस्ट टाकू शकतो, उत्तरं देऊ शकतो, बस. दुसरीत पूर्ण ताबा. तिनं हळूच विचारलं, “काकू, एडिटर करू का? पोस्ट टाकता येतीन त्याईले.”

“म्हंजे अर्धंच?”

“हो, तसंच.”

विमलाबाई म्हणाल्या, “जवायाले अर्धवट कोन देते वो? पुरं दे.”

सगळे हसले. वर्षालीही हसली. अपेक्षानं पूर्ण ताब्याचं बटन दाबलं, मुकेशच्या मोबाईलवर निरोप गेला, त्यानं पाटावर बसल्या बसल्या तो स्वीकारला. विमलाबाईंनी दोन्ही मोबाईलना हळदीकुंकू लावलं. कापडासारखं, दिव्यासारखं ते पेजही त्या दिवशी धोंड्याच्या वाणात गेलं, आणि हे त्या अंगणात एका डिप्लोमावाल्या मुलीशिवाय कोणाच्या ध्यानात आलं नाही. ती गप्प बसली. सण होता.

दोन वर्षं काही झालं नाही. मुकेशनं कधी एक फोटोही टाकला नाही. पेज चाळीस हजारांवर गेलं. मग यंदाच्या कार्तिकात, तुळशीची लग्नं आटोपून माणसांच्या लग्नांचा सिझन सुरू व्हायच्या नेमक्या आठवड्यात, वर्ध्याहून एका बाईंचा फोन आला. दरवर्षीच्या गिऱ्हाईक, विमलाबाईंचा जुना नंबर त्यांच्या वहीत होता म्हणून लागला. त्या म्हणाल्या, अवो, तुमी रोट्या बंद करून प्लॉट विकून राह्यल्या मनते? पेजवरच्या नंबरवर लावला तं एक मानूस बोलला, रोट्याचं काम बंद झालं म्हनून.

सिझनच्या तयारीत आठवडाभर विमलाबाईंनी पेज पाहिलंच नव्हतं. त्यांनी नलूला चुलीशी बसवलं आणि मोबाईल उघडला. पेज त्यांच्या मोबाईलात दिसत होतं, पण आता परक्या माणसाला दिसतं तसं. नाव होतं ‘सोनपिंपळ लेआऊट’. गोल फोटोत त्यांच्या हाताऐवजी मुकेश, पांढऱ्या शर्टात, डोळ्यांवर काळा चष्मा, मागे लोखंडी कमान. मुकेशनं कोणाशी तरी भागी करून हिंगणघाटच्या बाजूला शेत घेऊन त्याचे प्लॉट पाडले होते. बरेचसे जुने व्हिडिओ काढून टाकलेले. तो लाखोंनी पाहिलेला मात्र ठेवला होता. अगदी वर ठेवला होता. त्यात विमलाबाईंचे हात रोटी वाढवत होते, आणि त्या हातांवर पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘पोट भरलं? आता प्लॉट घ्या!’ खाली मुकेशचा नंबर.

राग काय असतो हे ज्याला पाहायचं असेल त्यानं त्या क्षणी विमलाबाईंच्या शेडमध्ये असायला हवं होतं. ओरडल्या नाहीत. हातातला गोळा त्यांनी परातीत असा आपटला की नलू मागे सरकली, आणि पुढच्या दोन घटका आपटत राहिल्या. त्या दिवशीच्या रोट्या नेहमीपेक्षा पातळ झाल्या, असं नलू अजून सांगते.

नत्थूजी शेतातून आले तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पाय धुतले, ओसरीवर बसले, बराच विचार केला आणि जे बोलायला नको होतं तेच बोलले.

“देल्लं ते देल्लं. धोंड्याचं वान कोनी वापस मांगते का?”

“मी वान देल्लं होतं, माह्यं नाव नाई देल्लं.”

नत्थूजी म्हणाले, पोरगी तिथं नांदते, ध्यानात ठेवजो. एवढं बोलून उठले. हा त्यांचा नेहमीचा मार्ग. भांडण दिसलं की बैलाला पाणी पाजायचं आठवतं.

दुसऱ्या दिवशी विमलाबाई स्वतः पुलगावला ऑनलाइन सेंटरवर गेल्या. रांगेतल्या माणसांना बाजूला सारून अपेक्षासमोर मोबाईल ठेवला आणि विचारलं, हे असं होऊ शकते हे तुले माहीत होतं का? अपेक्षा खोटं बोलली नाही.

“मंग तोंड काऊन नाई उघडलं?”

“मी मनलं होतं काकू, एडिटर करू का म्हनून.”

“एवढुश्या आवाजात मनलं. एखादं पोरगं रेल्वेच्या रुळावर जाऊन राह्यलं असतं तं एवढ्याच आवाजात मनलं असतं का?”

अपेक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तिनं दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि कामाला लागली, कारण रडण्यापेक्षा ते बरं. कंपनीच्या मदतीच्या पानावर तक्रार करायची सोय असते. ती शोधायलाच तास गेला. एक उत्तर दुसऱ्या पानावर पाठवतं, दुसरं तिसऱ्यावर, तिसरं पुन्हा पहिल्यावर. एकदाचा फॉर्म सापडला. त्यात लिहिलं होतं, हा धंदा तुमचा आहे याचा पुरावा जोडा. पुरावा म्हणून काय चालेल याची यादी होती: लाईटबिल, दुकानाचा परवाना, कराची पावती. विमलाबाईंच्या नावाचं त्यातलं एकही नव्हतं. शेवटी आधार कार्ड आणि शेडसमोर उभ्या राहून काढलेला फोटो जोडला. फोटोत त्यांनी रोटी हातावर धरली होती, कारण याहून मोठा पुरावा त्यांच्याकडे नव्हता.

पुढचा प्रश्न होता: सध्या ज्याच्याकडे ताबा आहे त्याला तो तुम्ही स्वतः दिला होता का? हो किंवा नाही. तिसरी चौकट नाही. विमलाबाई म्हणाल्या, खरं आहे ते लिही. अपेक्षानं ‘हो’वर बोट ठेवलं.

तीन दिवसांनी उत्तर आलं. इंग्रजीत होतं. अपेक्षानं वाचून दाखवलं: पेज सांभाळणाऱ्यांच्या आपसातल्या वादात आम्ही पडत नाही, संबंधित व्यक्तीशी आपण थेट बोलावं. खाली कोणाचं नाव नव्हतं, सही नव्हती. विमलाबाईंनी विचारलं, हे लिवनारा मानूस कुठं बसते? अपेक्षा म्हणाली, माणूस नसेलच कदाचित. तेव्हा विमलाबाईंचा संताप अडला. माणसाला चार शब्द सुनावता येतात. जो नाहीच त्याला काय सुनावणार?

थेट बोला म्हटलं होतं, तर त्या थेट बोलायला निघाल्या. पुलगावहून वर्धा, वर्ध्याहून हिंगणघाट, तिथून वडनेर. तीन एसट्या. विहिणीचा निरोप नसताना, घरात काही कार्य नसताना सासूनं असं जावयाच्या दारात उभं राहणं त्यांच्या घराण्यात कोणी केलं नव्हतं. मुकेशनं वाकून नमस्कार केला, खुर्ची दिली. वर्षालीनं पाणी आणलं. विमलाबाई बसल्या नाहीत आणि पाण्याला हात लावला नाही. ते पाहून मुकेश समजला की ही भेट पाहुणचाराची नाही.

तरी त्यानं आवाज चढवला नाही. शांतपणे समजावून सांगू लागला, लहान मुलाला सांगावं तसा. चाळीस हजार लोक म्हणजे केवढी ताकद, आणि तुम्ही त्याईले नुसत्या रोट्या दाखवून राह्यल्या. रोटी मानूस रोज थोडीच मागवते. प्लॉट मात्र सगळ्याईलेच पायजे. नवं पेज काढलं असतं तर एवढे लोक जुळवायला तीन वर्षं गेली असती. हे तयारच होतं.

“ते बाहेर कुठं गेलं का मामीजी? पेज घरातच आहे.”

“कोनाच्या घरात?”

 मुकेश म्हणाला, तुमचा राग मले समजते, आपण रस्ता काढू. आणि त्यानं जो रस्ता काढला तो ऐकून दाराआडची वर्षालीसुद्धा खाली पाहू लागली. तो म्हणाला, “मी तुमाले एडिटर बनवतो. रोटीची पोस्ट टाकत जा ना, मले एकदा दाखवून. आन् पुढल्या महिन्यात लेआऊटचं भूमिपूजन आहे. तीनशे मानूस. कमानीपाशीच चुली मांडू, तुमी रोट्या करा, आपन व्हिडिओ काढू. तुमचंच नाव होईन.”

 ज्या पेजवर विमलाबाईंचं नाव होतं त्याच्यावर त्यांनी आता विचारून लिहायचं, आणि ज्या कमानीच्या फोटोनं त्यांचे हात पुसले त्या कमानीखाली बसून, पुन्हा तीनशे माणसांच्या मागच्या अंगणात, रोट्या करायच्या. या माणसाला हा उपकार वाटत होता. त्याच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं, हेच जास्त संतापजनक होतं. आपण चोरी केली असं त्याला खरोखरच वाटत नव्हतं.

“जवाईबापू,” त्या म्हणाल्या, “मी तुमाले अर्धवट देल्लं नाई. तुमी मले अर्धवट देऊन राह्यले, तेही माह्यंच.” मग म्हणाल्या, “तेहतीस अनारसे देल्ले होते. ते तुमी खाल्ले, जिरले, त्याचं मी काई मांगत नाई. पन फोनवर लोकाईले रोट्या बंद झाल्या म्हनून सांगाचं, हे कोनत्या वानात देल्लं होतं मी तुमाले?”

मुकेश म्हणाला, दिवसभर रोटीचेच फोन येत, कंटाळून एकदा म्हटलं असेल. आणि दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून उठून गेला.

बसथांब्यापर्यंत वर्षाली सोबत आली. हायवेवरून ट्रक जात होते, बोलणं तुटत होतं. वर्षाली म्हणाली की तिला आधीच माहीत होतं. नाव बदलायचा अर्ज टाकला तेव्हा तिनं नवऱ्याला एकदा म्हटलं, आईले विचारा म्हणून. दुसऱ्यांदा म्हणायची हिंमत झाली नाही.

विमलाबाईंनी विचारलं, “मारते का तुले?”

“नाई. बोलत नाई. आठ आठ दिवस बोलत नाई.”

एसटी आली. विमलाबाई चढल्या. खिडकीतून त्यांनी मुलीला सांगितलं, तू मधात पडू नको, हे माह्यं आहे. वडनेर ते हिंगणघाट त्या उभ्यानं आल्या, जागा होती तरी.

काही जणांनी सुचवलं, पोलिसात जा. सायबर म्हणून वेगळा विभाग असतो. अपेक्षानंही ती वाट दाखवली. विमलाबाईंनी दोन दिवस विचार केला. तक्रारीत जावयाचं नाव लिहावं लागणार, वडनेरला हवालदार जाणार, आणि मग आठ दिवसांचा अबोला किती दिवसांचा होणार, हे कोणत्या फॉर्ममध्ये भरायचं? त्या गेल्या नाहीत. यावर कोणाला त्यांना भित्री म्हणायचं असेल तर त्यानं आधी आपली मुलगी वडनेरला द्यावी आणि मग बोलावं.

त्यांनी नवं पेज काढलं. या वेळी मोबाईल अपेक्षाच्या हातात दिला नाही. ती शेजारी बसून सांगत गेली आणि विमलाबाई एका बोटानं करत गेल्या. त्याआधी आधार घेऊन पुलगावला जाऊन स्वतःच्या नावावर नवं सिम घेतलं, ग्रामपंचायतीत जाऊन धंद्याचा दाखला मागितला. ग्रामसेवकानं विचारलं, नत्थूजी नाही आले? त्या म्हणाल्या, त्याईले रोटी करता येत नाई. दाखला त्यांच्याच नावाचा मिळाला. पेजवर नाव तेच टाकलं, ‘विमलाबाईची लांब रोटी, नाचणगाव’. आणखी कोणाला सोबत घ्यायचं आहे का, असं मोबाईलनं विचारलं तेव्हा नलू शेजारून म्हणाली, माय, आता तं देवालेही घेऊ नको.

पहिल्या आठवड्यात दोनशे बारा लोक जुळले. त्यांनी रोज व्हिडिओ टाकला. शेड, चुली, हात, सगळं तेच. जुने गिऱ्हाईक हळूहळू शोधत आले. मग एका व्हिडिओखाली कोणी अनोळखी माणसानं लिहिलं: ‘हे फेक पेज आहे. ओरिजिनलवर चाळीस हजार लोक आहेत. या बाईंनी त्यांचा व्हिडिओ चोरून नक्कल चालवली आहे.’ त्याखाली आणखी चौघांनी होकार भरला. कोणी तरी तक्रारही केली असावी, कारण दुसऱ्या दिवशी कंपनीची सूचना आली की हे पेज दुसऱ्या पेजची नक्कल करत असल्याचं आम्हाला कळवण्यात आलं आहे, आपलं म्हणणं असेल तर मांडावं, तोवर पेज लोकांना दिसणार नाही.

वडनेरच्या दारात जो आवाज चढला नव्हता तो या सूचनेवर चढला. विमलाबाई शेडमध्ये उभ्या राहून अशा बोलल्या की गल्लीतल्या बाया दारात आल्या. तीस वर्षं कोणी नाव घेतलं नाही, ते एक सोसलं. नाव लागलं आणि जावयानं पुसलं, तेही पोरीकडे पाहून गिळलं. आता माझ्याच हाताची मीच नक्कल?  नत्थूजी या वेळी बैलाकडे गेले नाहीत. खांबाला टेकून उभे राहिले आणि थोड्या वेळानं म्हणाले, लाईटबिलावर तुह्यं नाव लावून घेऊ, मी सोमवारी ऑफिसात जातो. 

आपलं म्हणणं मांडायला फॉर्ममध्ये एक चौकट होती, पाचशे अक्षरांची. ग्रामपंचायतीचा दाखला जोडला, नव्या सिमचा नंबर टाकला. अपेक्षा म्हणाली, काकू, मी चांगल्या इंग्रजीत लिहून देते, थोडक्यात, मुद्द्याचं. विमलाबाईंनी तिला बाजूला बसवलं. ज्यानं वाचायचं आहे तो माणूस असेल तर समजून घेईल आणि यंत्र असेल तर त्याला तसंही काय समजणार, असं म्हणून त्यांनी पदराला हात पुसला आणि स्वतः लिहायला घेतलं. बराच वेळ लागला. पाठवून आज बावीस दिवस झाले, पेज अजून झाकलेलंच आहे आणि उत्तर आलेलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं होतं:

‘आमच्याकडे जवायाले मान देतात, मालकी देत नाईत. तुमच्या मशीनीत अर्धवट देल्लं तं मान राहत नाई, पुरं देल्लं तं मालकीही जाते. मंग मी कोनतं बटन दाबाले पायजे होतं?’